एक वेल, एक बाटली

आई बांधाच्या कडेला उकिडवी बसली आणि समोरच्या वेलीचे घड मोजू लागली. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि अकरा वर्षांची लेक, मागे उभे होतो. जूनचा पहिला आठवडा होता. उतारावर नजर जाईल तिथपर्यंत कमरेइतक्या उंचीच्या वेलींच्या सरळ रांगा होत्या आणि वेलींवर नुकता फुलोरा आला होता. आईने मोजणी पुन्हा एकदा करून पाहिली, मग वर बघून मला म्हणाली, "अगं, इतकुसं झाड. याला लागून लागून किती लागणार? यांना विचार, एका झाडाला माल किती निघतो."

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग पाच एकर. आईने चाळीस वर्षं त्या मांडवाखाली काढली आहेत. ती गळ्यात माळ घालते, वाईनचा थेंबही तिने कधी जिभेला लावलेला नाही. तरीही आम्ही फ्रान्सला जायचं ठरवलं तेव्हा तिने एकच मागणी केली होती: आयफेल टॉवर नाही दाखवला तरी चालेल, तिथल्या बागा दाखवा. खरड छाटणी उरकली होती, ऑक्टोबर छाटणीला अजून अवकाश होता, म्हणून ती निघू शकली.

आपल्याला शॅम्पेन हे पेय म्हणून माहीत असतं, पण मुळात ते एका प्रदेशाचं नाव आहे. पॅरिसहून वेगवान गाडीने पाऊण तासात रँस शहर येतं (नकाशावर ते रीम्स असं दिसतं). तिथून एपर्नेपर्यंत आणि पुढे दक्षिणेकडे पसरलेल्या टेकड्यांवर सुमारे ३४,००० हेक्टर बागा आहेत, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार एकर. या हद्दीबाहेर पिकलेल्या द्राक्षांच्या बुडबुडेवाल्या वाईनला युरोपात ते नाव लावता येत नाही. २०२४ साली इथून २७ कोटी १० लाख बाटल्या बाहेर गेल्या. वर्षातल्या सेकंदांनी भागलं तर दर सेकंदाला साडेआठ बाटल्या, रात्रंदिवस. २०२२ मध्ये तर हाच आकडा ३२ कोटींच्या वर होता.

असे आकडे मी निघण्यापूर्वी वाचले होते आणि ते डोक्यात कुठेच रुजले नव्हते. कोटी म्हटलं की मला फक्त शून्यं दिसतात. आईचं तसं नाही. तिला आकडा दिला की ती तो एकरात, क्विंटलात आणि मजुरीत फिरवून बघते, आणि तसा फिरवल्यावर त्याला माती लागते.

बागेचे मालक मधल्या वयाचे शेतकरी होते. त्यांनी सांगितलं, इथे हेक्टरी साधारण ८,००० वेली असतात. आईने अडीचने भागलं: एकरी तीन हजार दोनशे. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी साडेनऊशेच्या आसपास झाडं बसतात. म्हणजे आमच्या तिप्पट दाटी. मग माल? दरवर्षी काढणीच्या आधी हेक्टरी किती किलो द्राक्षं तोडायची याची मर्यादा ठरते, आणि २०२४ साली ती १०,००० किलो होती. आईने बोटांच्या पेरांवर हिशेब केला. एका वेलीला सव्वा किलो. तिला ते पटेना. आमच्या एका झाडावर दहा किलोंहून जास्त माल असतो, आणि तेवढा नसेल तर घरात चर्चा होते.

मग त्यांनी घाण्याचं माप सांगितलं, आणि ते मला सगळ्या सहलीतलं सर्वांत सुंदर गणित वाटलं. इथे द्राक्षं दाबण्याचं एकक ४,००० किलो आहे. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटर रस घ्यायचा, पहिला उत्तम २,०५० लिटर आणि नंतरचा ५०० लिटर. त्यापलीकडे दाबून निघणाऱ्या रसाची शॅम्पेन करता येत नाही. २,५५० लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या ३,४०० बाटल्या. ४,००० किलोला ३,४०० ने भागा: बाटलीमागे जेमतेम एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम द्राक्षं.

वेलीला सव्वा किलो. बाटलीला एक किलो एकशे ऐंशी.

"म्हणजे एक झाड, एक बाटली," आई म्हणाली.

३४,००० हेक्टर गुणिले ८,००० वेली करून पाहा, २७ कोटी २० लाख येतात. २०२४ साली विकल्या गेलेल्या बाटल्या २७ कोटी १० लाख. हे दोन आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग आहे, कारण विकलेली बाटली आदल्या अनेक वर्षांच्या पिकाची असते आणि दर सालची मर्यादा वेगळी असते. तरी त्या योगायोगाने मला पहिल्यांदा तो कोटीचा आकडा दिसला. जगात कुठेही कुणी शॅम्पेनची एक बाटली उघडली की तिच्यामागे या उतारांवरची एक अख्खी वेल, तिचं वर्षभराचं पीक असतं. आणि त्या वेलीची छाटणी हिवाळ्यात कुणीतरी हातात कात्री धरून केलेली असते, घड हातानेच तोडलेले असतात. तोडणीचं यंत्र इथे चालत नाही, कारण घड अखंड घाण्यापर्यंत गेले पाहिजेत असा नियम आहे. काळ्या सालीच्या द्राक्षांतून पांढरा रस काढायचा तर मणी फुटून चालत नाही. फुलोऱ्यापासून साधारण शंभर दिवसांनी तोडणी येते आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपते. त्या आठवड्यांत लाखाहून अधिक माणसं या टेकड्यांवर वाकून काम करत असतात. वाकूनच, कारण वेलीच तेवढ्या बुटक्या. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कडक उन्हाच्या त्याच दिवसांत काही तोडणी मजूर दगावले. हंगामी मजुरांना माणसाला न शोभेल अशा जागेत कोंबून ठेवल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिघांना दोषीही ठरवलं. शॅम्पेनचे आकडे सांगताना हे आकडे वगळू नयेत, असं मला वाटतं.

आईचा पुढचा प्रश्न होता, जमीन कुणाची. मला वाटलं होतं की एवढी मोठमोठी नावं, बागाही त्यांच्याच असणार. तसं नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास बागा शेतकऱ्यांच्या आहेत, आणि असे शेतकरी सोळा हजारांच्या घरात. सरासरी दोन हेक्टर, म्हणजे पाच एकर. आई त्या मालकांकडे बघून हसली. पाच एकर ही तिच्या ओळखीची गोष्ट होती. पण ते पाच एकरही सलग नाहीत. साऱ्या प्रदेशात ३१९ गावं आहेत आणि जमिनीचे तुकडे २,८०,००० हून जास्त. एका तुकड्याची सरासरी १२ आर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळपास आपला गुंठा. आमच्या सातबाऱ्यावर जे 'हेक्टर-आर' लिहिलेलं असतं, त्यातला आर मूळचा इथलाच, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ साली ठरलेल्या मापांपैकी एक. बारा गुंठ्यांचा तुकडा, असे माणशी सतरा-अठरा तुकडे, कुठे या उतारावर, कुठे पलीकडच्या गावात. वाटण्या होत होत असं झालं, असं मालकांनी सांगितलं. दुभाषाचं काम नवरा करत होता, पण 'वाटण्या' हा शब्द आईला त्याने सांगायच्या आधीच कळला होता.

आणि भाव? द्राक्षं किलोला सहा-सात युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर सहाशे-सातशे रुपये किलो. हेक्टराची किंमत सरासरी दहा लाख युरोंच्या पुढे, म्हणजे एकरी चार कोटी रुपये. आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "यांना कुणी व्यापारी बुडवत नाही?"

बुडवत होते. १९११ साली इथे शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं होतं. कीड आणि खराब हवामान यांनी पिकं गेली होती, आणि काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं नि वाईन आणून त्यावर शॅम्पेनचं नाव घालत होते. चिडलेल्या लोकांनी तळघरांत घुसून पिंपं फोडली, आई नावाच्या गावात तर व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या. (गावाचं नाव खरंच 'आई' असं उच्चारतात. लेकीने हे आजीला तीन वेळा सांगितलं.) पुढे १९४१ साली शेतकरी आणि व्यापारी घराण्यांची एक संयुक्त समिती झाली, आणि आजही दर उन्हाळ्यात दोघं एका टेबलाशी बसून ठरवतात की यंदा हेक्टरी किती माल तोडायचा. बाजार मंद असेल तर आकडा खाली आणतात. उरलेले घड वेलीवरच राहू देतात.

आईला या प्रवासात सर्वांत जास्त हलवलं ते याने. भरल्या बागा भाव नाही म्हणून मातीमोल गेलेल्या तिने पाहिल्या आहेत. माल कमी तोडायचं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि सोळा हजार घरांनी ते पाळायचं, ही गोष्ट तिला शंभर कोटी बाटल्यांपेक्षा मोठी वाटली. मलाही वाटते.

शंभर कोटींचं सांगायचं राहिलंच. विकल्या जातात त्या बाटल्या म्हणजे फक्त वरचा थर. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, आणि साधी शॅम्पेन झाली तरी बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने ती बाहेर काढता येत नाही. विशिष्ट सालाची असेल तर किमान तीन वर्षं. त्यामुळे कोणत्याही क्षणी इथल्या जमिनीखाली शंभर कोटींहून अधिक बाटल्या अंधारात आडव्या पडलेल्या असतात. त्या शेजारी शेजारी लावल्या तर, बाटलीची जाडी पावणेनऊ सेंटिमीटर धरून, रांग सत्याऐंशी हजार किलोमीटर होईल. पृथ्वीला दोन वेढे घालून उरेल एवढी.

एपर्नेमधला प्रसिद्ध रस्ता, आव्हन्यू द शॅम्पान्य, चालायला पंधरा मिनिटंही पुरतात. लांबी किलोमीटरभर. पण त्याच्या खाली ११० किलोमीटर बोगदे आणि त्यांत सुमारे वीस कोटी बाटल्या आहेत. गावाची वस्ती बावीस हजारांच्या आसपास. माणशी नऊ हजार बाटल्या पायाखाली घेऊन ते गाव रोज कामाला जातं, भाजी आणतं, मुलांना शाळेत सोडतं. मोएट ए शाँदों या एकट्या घराण्याचे बोगदे २८ किलोमीटर आहेत. त्याच घराण्याच्या शाँदोंची वायनरी आता आमच्या दिंडोरी तालुक्यात आहे, आणि आईने ती पाटी बसमधून पाहिलेली होती. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने वाईन करून बाहेरदेशी पाठवली गेली होती.

एपर्नेच्या त्याच रस्त्यावर मर्सिए घराण्याचं एक पिंप आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ते एपर्नेहून नेलं. आत दोन लाखांहून अधिक बाटल्यांची वाईन मावते, रिकाम्याचं वजन वीस टन. ओढायला २४ बैल आणि चढावर मदतीला १८ घोडे. वाट आठ दिवसांची, आणि ते जावं म्हणून काही घरं विकत घेऊन पाडावी लागली. लेक पिंपाकडे बघत होती. आई विचारत होती, चोवीस बैलांना एका चालीत कुणी चालवलं असेल. आमच्याकडे चार बैलांचा नांगर धरायला दोन माणसं लागायची, हे तिच्या लहानपणीचं.

रँसला आम्ही पोमरी घराण्याच्या तळघरात उतरलो. लेकीने पायऱ्या मोजल्या: ११६. खाली उतरताना थंडी अंगावर येत गेली, कारण बाहेर कितीही ऊन असलं तरी तिथे दहा अंशांच्या आसपासच तापमान असतं. पायऱ्या संपल्या की जुन्या काळच्या खडूच्या खाणी लागतात, खाली रुंद आणि वर निमुळत्या, माथ्याला प्रकाशाचं एक भोक. अशा १२० खाणी एकोणिसाव्या शतकात मादाम पोमरी यांनी बोगद्यांनी जोडून घेतल्या आणि १८ किलोमीटरचं तळघर उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात शहरावर हजाराहून अधिक दिवस तोफा पडत राहिल्या, तेव्हा रँसची माणसं अशाच तळघरांत राहत होती, मुलांच्या शाळाही तिथेच भरत होत्या. वर बागेत १९१४ ची तोडणी बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी तोफांच्या आवाजात केली.

भिंतीला हात लावला की बोट पांढरं होतं. हा खरोखरचा खडू. समुद्रातल्या अतिसूक्ष्म शेवाळाची चुनखडीची कवचं तळाशी साचत साचत बनलेला. अशी साठवण हजार वर्षांत एक-दोन सेंटिमीटर एवढ्या वेगाने होते. तीस मीटर खोली आणि ११६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी सव्वीस सेंटिमीटरची. ढोबळ हिशेब केला तर एका पायरीत तेरा ते सव्वीस हजार वर्षं. माणसाची शेती सुरू होऊन जेवढा काळ झाला तेवढा या एका पायरीत मावतो, हे लेकीला सांगितल्यावर ती परत येताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढली.

हा खडू १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. त्या काळाच्या अगदी शेवटाला आमच्याकडे लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा दगड ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचा, आणि पश्चिम घाटात त्याचे थर दोन किलोमीटर जाडीचे. त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आत साचला. इकडे केसाच्या जाडीने चढणारा पांढरा समुद्रतळ, तिकडे थरावर थर ओतणारी आग, आणि आता दोन्हींवर द्राक्ष. खडूच्या एका घनमीटरात तीन-चारशे लिटर पाणी मुरून राहतं, म्हणून इथल्या बागांना उन्हाळ्यात ठिबकची नळी लागत नाही. आईने नळ्या शोधल्या होत्या, सापडल्या नाहीत, तेव्हाच तिने हे विचारलं होतं.

मुळाबद्दलही तिनेच विचारलं. खुंट कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून येऊन फ्रान्सभर पसरली, आणि तेव्हापासून इथल्या वेली अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या असतात. चुनखडीच्या जमिनीत तग धरणारा ४१ बी हा इथला मुख्य खुंट, त्याचं अर्धं रक्त टेक्सासमधल्या रानद्राक्षाचं. आमच्या बागेतला डॉगरीज खुंटही टेक्सासच्याच रानातला. निफाड आणि रँस, दोन्हीकडच्या वेली एकाच दूरच्या मुलखातल्या मुळांवर उभ्या आहेत, हे ऐकून आईने मालकांना नमस्कार केला. भावकी निघाल्यासारखा.

शेवटी चव घ्यायची वेळ आली. नवऱ्याने आणि मी पेला घेतला, लेकीला द्राक्षरस, आईला पाणी. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांचा असतो, मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट. बोटभर बुचाला तो बारा किलोच्या आसपास जोराने बाहेर ढकलत असतो, म्हणून वरून तारेची जाळी. पूर्वी तळघरात बाटल्या फुटायच्या आणि कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे चढवून आत जायचे. साखर आणि यीस्ट मिळून बाटलीत नऊ ग्रॅम वायू तयार करतात. मोकळा सोडला तर पाच लिटर, पाऊण लिटरच्या बाटलीतून. यीस्टचा गाळ मानेशी यावा म्हणून बाटल्या हाताने थोड्या थोड्या फिरवतात. आता ते काम बहुतेक यंत्रं करतात, एका पिंजऱ्यात ५०४ बाटल्या. पण जुना कसबी कामगार दिवसाला चाळीस हजार बाटल्या फिरवायचा. आठ तास धरले तर सेकंदाला जवळजवळ दीड बाटली, दोन्ही हातांनी, दिवसभर.

रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी आयुष्यभर हे बुडबुडे मोजले आहेत. शंभर मिलिलिटरचा पेला न हलवता तसाच ठेवला तर त्यातून सुमारे दहा लाख बुडबुडे वर येतात, असं त्यांचं गणित. आणि तेही वायूच्या पाचव्या हिश्शातून, बाकीचा पृष्ठभागावरून गुपचूप निघून जातो. लेकीने माझ्या पेल्याला कान लावला. बारीक सर येऊन गेल्यासारखा आवाज येतो, म्हणाली. आईनेही कान लावला. तिने माळेवर हात ठेवून बराच वेळ ऐकलं.

निघताना तिने मालकांना एक विनंती केली. मघाशी ज्या वेलीपाशी ती बसली होती, तिच्या तारेला तिने आपल्या पिशवीतली सुतळी बांधली. तोडणीला फक्त या एका झाडाचे घड वेगळे मोजा, म्हणाली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या फोनवर एक फोटो आला. मी तो आईला पाठवला. ती तेव्हा बागेत होती. तिने फोटो मोठा करून आधी सुतळी पाहिली, मग काटा. काट्यावर एक किलो तीनशे दहा ग्रॅम होते. "एक बाटली," ती फोनवर म्हणाली, "आणि वर एकशे तीस ग्रॅम." मग तिने मला फोनवरच थांबवलं आणि मागे कुणालातरी हाक मारून वही आणायला सांगितली.